सारवलेल्या जमिनीवरचं साम्राज्य

फार फार मागं एक राज्य होतं. त्याचं नाव मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांतलं आता कुणी उरलेलं नाही.

त्या राज्याच्या राजधानीत एक शाळा होती, आणि शाळेत शिकवणारी एक बाई होती. जगात कुठं कुठं कोणती साम्राज्यं झाली, ते ती पोरांना शिकवायची. तिच्याजवळ पोथी नव्हती, जमीन होती. सकाळी ती शाळेची जमीन शेणानं सारवायची आणि वाळली की तिच्यावर पांढऱ्या मातीनं एक साम्राज्य काढायची. आज वाळवंटातल्या राजांचं, उद्या घोडेस्वारांचं, परवा समुद्र ओलांडून गेलेल्या गलबतवाल्यांचं.

मग पोरं त्या चित्रात उभी राहायची. मधोमध एकजण सम्राट, त्याच्याभोवती त्याचे अंमलदार, आणि पार कडेला रयत. सम्राटाचा हुकूम अंमलदारांनी कडेपर्यंत न्यायचा, रयतेचं गाऱ्हाणं सम्राटापर्यंत आणायचं. राज्य लहान असलं की सगळं नीट चालायचं. मग बाई रेघ पुसून लांब काढायची, पुन्हा लांब काढायची, पोरं मागं सरत जायची. हुकूम पोचायचे. गाऱ्हाणी मात्र वाटेतच राहायची, कारण वाईट बातमी सम्राटाला सांगायला कुणी धजायचं नाही. शेवटी कडेची पोरं वैतागून रेघेबाहेर पाय टाकायची. तिथं साम्राज्य संपायचं.

संध्याकाळी ते चित्र सगळ्यांनी मिळून सारवून टाकायचं. त्या दिवशी जो सम्राट झाला असेल, त्यानं शेणात पहिला हात घालायचा. हा त्या शाळेचा नेम होता, आणि पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. उद्या दुसरा सम्राट व्हायचाच असायचा.

एके दिवशी एका पोरीनं विचारलं, "बाई, आपलं राज्य कधी काढणार?"

बाईनं दुसऱ्याच दिवशी काढलं. आणि नेमका त्याच दिवशी राजा शाळा बघायला आला.

राजा मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर हसून निघून गेला असता. तो दारात उभा राहून बघत राहिला. त्याच्या डोंगरांवर पोरांचे पाय होते, त्याच्या नद्या तुडवल्या जात होत्या, आणि ती प्रश्न विचारणारी पोर शेणाची पाटी ओढत मधोमध आली होती.

"दुसऱ्यांची राज्यं खुशाल पुसा," राजा म्हणाला. "माझं पुसायचं नाही."

"महाराज, मग तो धडा झाला नाही," बाई म्हणाली. "ती आरती झाली."

एवढं बोलणं पुरलं. प्रधानानं शाळेत फरशी घातली, फरशीत राज्याचा नकाशा कोरून घेतला आणि फर्मान काढलं की महाराजांच्या भूमीवर कुणी पाय ठेवायचा नाही. पोरांनी भोवतीनं हात जोडून बसायचं आणि तेवढंच एक राज्य शिकायचं. बाईनं ते शिकवायला नकार दिला. राजानं तिला तुरुंगात घातलं नाही. तुरुंगात निदान माणसाला माणसाची सोबत असते. त्यानं फक्त दवंडी पिटवली की या बाईकडं कुणी पोर पाठवायचं नाही.

बाई वेशीबाहेरच्या माळावर गेली. तिनं जमिनीचा एक तुकडा खडे वेचून साफ केला, सारवला आणि त्यावर साम्राज्य काढलं. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं काढलं. तेव्हाही कुणी आलं नाही.

त्या तुकड्यात एका टिटवीनं अंडी घातली होती. बाईनं रेघ तिला वळसा घालून काढली. तेवढी जागा तिनं कुठल्याच सम्राटाला दिली नाही.

"कुणाला शिकवतेस गं?" टिटवीनं विचारलं.

"जो येईल त्याला."

"कुणी येत नाही."

"तू आहेस की."

"मी अंडी उबवायला बसलेय," टिटवी म्हणाली. "शिकायला नाही."

आणि खरंच, पिल्लांना पाय फुटल्यावर तीही निघून गेली.

मग बाई स्वतःच मधोमध उभी राहून हुकूम सोडायची, स्वतःच कडेला जाऊन तो ऐकायची. सम्राट तीच, रयत तीच, संध्याकाळी सारवणारीही तीच. माळाच्या कडेनं बैलगाडीची वाट होती. तिची जुनी पोरं मोठी होऊन त्या वाटेनं जायची आणि तिच्या तुकड्याशी आली की बैलांकडं बघायची. प्रश्न विचारणारी ती पोरही एकदा कडेवर मूल घेऊन गेली. तिनं पदर पुढं ओढून घेतला. बाईनं हाक मारली नाही. हातातली पांढरी माती मात्र मुठीत दाबली गेली आणि रेघ तिथं जाड उमटली.

इकडं राजा मुलूख जिंकत होता आणि शाळेत नव्या फरश्या बसत होत्या. फरशीभोवती हात जोडून बसलेली पोरं मोठी होऊन अंमलदार झाली. त्यांतलं कुणीही कधी कडेला उभं राहिलेलं नव्हतं.

मग सरहद्दीकडं दुष्काळ पडला. तिथल्या लोकांनी धान्य मागितलं. अंमलदारांनी आपसात ठरवलं की महाराजांचा उत्सव जवळ आला आहे, आत्ता नको. लोकांनी पुन्हा मागितलं. पुन्हा तेच. शेवटी सरहद्दीचे लोक राज्यातून बाहेर पडले. लढले नाहीत, नुसते बाहेर पडले. त्यांच्या आतले मग सरहद्दीवर आले, आणि तेही बाहेर पडले. असं होत होत राजधानीच सरहद्द झाली. परके आत आले, तेव्हा दारं लावायलासुद्धा माणूस नव्हता. त्यांनी शाळेतली फरशी उपसून गुरांच्या गोठ्यात घातली.

एका सकाळी राजा अनवाणी माळावर आला. केस पांढरे, बरोबर कुणी नाही. बाईही म्हातारी झाली होती. तिला पुष्कळ बोलता आलं असतं. ती सारवत राहिली.

"बाई, माझं राज्य काढता का?" राजानं विचारलं.

बाईनं काढलं. होतं तेवढं सगळं, जिंकलेल्या मुलखासकट. राजा सवयीनं मधोमध जायला निघाला.

"तिथं नाही," बाई म्हणाली. "कडेला."

तो कडेला जाऊन उभा राहिला. बाई मधोमध उभी राहिली, त्याच्याकडं पाठ करून हळू आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणालात?" राजानं विचारलं.

बाईनं वळून बघितलं नाही. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. मग त्याचा पाय आपोआप रेघेबाहेर पडला.

संध्याकाळी बाईनं शेणाची पाटी आणून त्याच्यापुढं ठेवली. "पहिला हात सम्राटाचा," ती म्हणाली, "आणि हे राज्य तुमचं होतं." त्यानं हात घातला. डोंगर गेले, नद्या गेल्या, राजधानी गेली.

"उद्या शाळा आहे ना?" हात धुताना त्यानं विचारलं.

"आहे," बाई म्हणाली. "पण उद्या दुसऱ्याचं राज्य."

तो रोज आला आणि चांगला शिकला. बाईला इतक्या वर्षांनी एक विद्यार्थी मिळाला, पण शिकलेलं वापरायला त्याच्याजवळ वीतभर मुलूख नव्हता. त्याच्या राज्याचं नाव पुढं ज्याला सांगावं, असं पोर दोघांजवळही नव्हतं.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्यांच्या राज्यांचा शेवट ज्याला शिकायचा नसतो, त्याला आपल्या राज्याचा शेवट डोळ्यांनी बघावा लागतो.