पुढं गेलेली जीप

"मग मी काय थांबायचं होतं, अज्जा?"

अज्जांनी पुढची शेंग उचलली.

"सांगा की. सात माणसं गाडीत. सगळी वडीलधारी. समदी 'घाल' म्हणत्यात. मी ड्रायव्हर माणूस. मी थांबायचं होतं?"

अज्जा शेंगा फोडत होते. दमट शेंगा, फोडताना आवाजही येत नव्हता. दाणा ताटलीत, टरफल सुपात.

रावसू मठाच्या कट्ट्यावर बसला होता. अंगात नवा पांढरा शर्ट, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. बाहेर पाऊस चिकटून पडत होता. थांबायचं नाव नाही आणि जोरही नाही, दुखणाईत माणसाच्या कण्हण्यासारखा.

सीमेकडच्या या गावांत मठाच्या स्वामींना अज्जा म्हणतात. हे अज्जा वाळलेल्या काटकीसारखे. बोलतात फार कमी, म्हणून लोक मानतात. गावात न बोलणारं म्हातारं माणूस इतकं दुर्मिळ, की एखादं सापडलं तर ते मठातच ठेवायला हवं.

"ताटली सरकव," अज्जा म्हणाले.

रावसूने सरकवली. हे उत्तर नव्हतं.

झालं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

नदीवर फरशी आहे. बुटका पूल, कठडा नाही, पाऊस लागला की पाणी वरून वाहतं. त्या सकाळीही वाहत होतं. रावसूच्या वडाप जीपमध्ये, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या जीपमध्ये, गावचे पुढारी कल्लाप्पा आण्णा आणि त्यांची मंडळी बसली होती. तालुक्याला पतसंस्थेची वार्षिक सभा. दुसरा रस्ता होता, मोठ्या पुलावरून, लांबचा. पण सभेला आलेल्या सभासदांना स्टीलचा डबा मिळणार होता, आणि उशिरा जाणाऱ्याला डबा उरत नाही हा आण्णांचा जन्मभराचा अनुभव.

"घाल रं," पुढच्या सीटवरून आण्णा म्हणाले होते. "ह्याच पाण्यातनं आमी बैलगाड्या घातल्यात. तुझ्या बुडाखाली तर इंजन हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "भ्यालं वाटतं पोरगं."

रावसूने घातली.

जीप पलीकडे चढली तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ही माणसं भ्याली की देवाचं नाव घेतात आणि वाचली की स्वतःचं. आण्णा तर म्हणाले, "मी म्हटलो न्हवतो?"

मागोमाग बसू फरशीवर आला. बसू गावातलं दूध गोळा करून डेअरीला नेणारा. मोटरसायकलला दोन्ही अंगांना कॅन.

तो पलीकडे चढला नाही.

सभेच्या पंगतीत बातमी पोचली. आण्णा म्हणाले, "ईश्वराची इच्छा." मग वाढपी जिलेबी घेऊन पुढे निघाला होता, त्याला हाक मारून थांबवलं.

घरी मात्र सगळे लांबच्या पुलावरून आले. डबे मांडीवर घेऊन.

पाणी उतरल्यावर बसू खालच्या बाभळीत अडकलेला सापडला. मोटरसायकल जरा वर, गाळात. कॅन तसेच बांधलेले, झाकणं घट्ट. थेंबभर दूध सांडलं नव्हतं.

पलीकडच्या काठावरून एकाने मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता. तो गावोगाव फिरला. पाणी उडवत जीप येते, डुलते, वर चढते, आणि तिथं व्हिडिओ संपतो. मुळात तो लांब होता. आण्णांच्या पुतण्याने कामाचा तेवढा ठेवला आणि खाली लिहिलं, 'आमच्या गावचा वाघ'.

वाघाचा आज सत्कार होता. बसवेश्वराच्या देवळापुढे मांडव, शाल, नारळ, फेटा. शाल अज्जांच्या हातून पांघरायची, असं आण्णांनी ठरवलं. थोड्या वेळात मंडळी गाडी घेऊन अज्जांना न्यायला येणार होती.

बसूचं घर देवळाच्या समोर. त्याची बायको गौरा तेव्हापासून उंबऱ्यातच बसून असते. बोलवलं तर आत जात नाही, आणि मांडव घालताना कुणी तिला विचारलंही नाही. शाल खांद्यावर पडेल तेव्हा रावसूला समोर तीच दिसणार.

म्हणून तो उसातल्या मागच्या वाटेने, कुणाला न दिसता, आधी मठात आला होता. त्याला अज्जांकडून एकच वाक्य हवं होतं. तुझी चूक नाही. एवढं मिळालं की तो शाल घेणार होता आणि गौराकडे बघणार होता.

अज्जा शेंगा फोडत होते...

"मी उगीच घातली न्हाई, अज्जा," रावसू म्हणाला. "मला पाणी कळतं. भरलेली गाडी जड असती, रस्ता धरून ऱ्हाती. पहिला गिअर टाकायचा, मधी बदलायचा न्हाई. ॲक्सिलेटरवरचा पाय उचलायचा न्हाई. उचलला की सायलेन्सरमधनं पाणी आत."

"हं."

"रिकामी असती तर मी बी घातली नसती."

"हे बसूला ठावं होतं?"

"त्याला कसं ठावं असणार? त्यानं कवा जीप चालवली?"

"मग?"

"मग त्यानं विचारायचं. थांबायचं, विचारायचं. मी न्हाई म्हटलो असतो."

"कुणाला विचारायचं? तू पलीकडं."

रावसूने तोंड फिरवलं.

मग तोच बोलला. कुणी विचारलं नव्हतं.

"आरशात दिवा दिसला होता मला... त्याचा. मी मधी होतो. मागं बघायची सोय न्हवती. वर चढलो, परत बघितलं, तर दिवा न्हाई. म्हटलं, माघारी फिरला असंल."

"असं वाटलं?"

"व्हय."

अज्जांनी त्याच्याकडे पाहिलं.

"टाळ्या वाजत होत्या अज्जा गाडीत," रावसू म्हणाला.

अज्जांनी सूप बाजूला ठेवलं. उठले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं.

"मंडळी येतील. फाटक काढून ठेवू."

कट्ट्यापासून फाटकापर्यंत मठाचं सगळं अंगण पाण्याखाली होतं. घोटाभर पाणी, पण गढूळ, मातीच्याच रंगाचं. वाट कुठली आणि अंगण कुठलं, काही कळत नव्हतं. अज्जा भिंतीला धरून कडेकडेने गेले. रावसू छत्री धरून मागे. छत्री अज्जांच्या डोक्यावर, आणि त्याचा नवा शर्ट पावसात.

"तुम्ही कायच बोलत न्हाईसा," तो चालता चालता म्हणाला. "आण्णा म्हणत्यात, तुझी काय चूक. पोलीस म्हणाले, तुझी काय चूक. बसूचा थोरला भाऊ बी म्हणाला, त्याला कुणी बोलवलं होतं मागनं. मग मला झोप का लागंना?"

अज्जांनी फाटकाची कडी काढली. दोन्ही फळ्या ढकलल्या. रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा.

"मी तुम्हाला गुरू मानतो," रावसू म्हणाला. आवाजात आता राग होता. "लहानपणी आई हितं आणून माझं डोकं तुमच्या पायावर घालायची. कशाला घालायची? एक शब्द द्यायचा तर देत न्हाईसा. आण्णा निदान बोलतो तरी. खोटं का असंना."

"छत्री मिट," अज्जा म्हणाले. "वाऱ्यानं उलटंल."

आणि ते परत फिरले. पण येताना भिंतीकडून नाही. सरळ, अंगणाच्या मधून, कट्ट्याच्या दिशेने. हळू, पण न थांबता. पाणी त्यांच्या घोट्याच्या वर चढलं नाही.

रावसू क्षणभर तिथंच उभा राहिला. मग तोही निघाला. म्हातारा जिथून गेला तिथूनच. मोठी पावलं टाकत, डोळे अज्जांच्या पाठीवर.

अर्ध्यात पायाखाली लाकूड लागलं. ते वाकलं.

मग ते मोडलं.

रावसू खाली गेला. पाणी छातीवर आलं, तोंडात माती गेली, छत्री हातातून सुटून तरंगत लांब गेली. तळ लागायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्याला बसू दिसून गेला. चेहरा नाही... नुसता दिवा.

पाय टेकले. तो खोकला, थुंकला, डोळे पुसले.

तो खड्डा कमानीचा होता. मठाला स्वागत कमान बांधून द्यायची म्हणून कल्लाप्पा आण्णांनी उन्हाळ्यात पाया खणून घेतला होता. मग कमानीवर कुणाच्या बापाचं नाव वर घालायचं, यावरून आण्णांचं आणि दुसऱ्या एका देणगीदाराचं बिनसलं. बापांची नावं राहिली आणि खड्डाही राहिला, आणि आण्णांसकट सगळ्या गावाने तो कधीच बुजला असं धरलं होतं. अज्जा त्यावर एक जुनी फळी टाकून येत-जात होते. काटकीच्या वजनाला फळी पुरत होती.

अज्जा खड्ड्याच्या पलीकडे उभे होते. घोटाभर पाण्यात.

"सांगायचं न्हवं काय, अज्जा," रावसू ओरडला. "खड्डा हाय म्हणून सांगायचं न्हवं?"

"तू विचारलास?"

"विचारायचं काय त्यात? तुम्ही गेलासा की पुढं. डोळ्यांदेखत गेलासा. तुम्ही गेलासा म्हणून मी..."

तो थांबला.

पाऊस पडत होता. खड्ड्यातल्या पाण्यावर फळीचा तुकडा गोल फिरत होता.

"...म्हणून मी आलो," रावसू म्हणाला. अगदी हळू. हे वाक्य आपलं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आपल्या तोंडून निघालं, असं त्याला वाटलं. आणि ते कुणाचं, तेही कळलं.

रावसू तसाच उभा राहिला. रडला की नाही ते सांगता येणार नाही, तोंड आधीच भिजलेलं होतं.

मग अज्जा खाली बसले, पाण्यातच, आणि त्यांनी हात पुढे केला. रावसूने तो धरला. हात हाडांचा, पण घट्ट. त्याने एक पाय कडेच्या मातीत रोवला. माती ढासळली. पुन्हा रोवला.

तेवढ्यात फाटकापाशी हॉर्न वाजला.

गाडीची दारं उघडल्याचा आवाज आला. खाकरणं, चपला काढणं, छत्र्या उघडणं. रावसूने मान वळवून पाहिलं. आण्णा होते. मागे तीच मंडळी, त्या दिवशी जीपमध्ये होती ती. एकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत शाल.

रावसूने मान कडेखाली घेतली. गावचा वाघ. छातीभर चिखलात, नवा शर्ट मातीचा. आता हे बघणार, हसणार, संध्याकाळपर्यंत चावडीवर याचीच गोष्ट होणार. त्यांच्या छत्र्या अजून पुढे झुकलेल्या होत्या, त्यांना तो दिसला नव्हता. एका दमात वर आलो आणि कट्ट्यामागे गेलो, तर दिसणारही नव्हता.

"वढा, अज्जा," तो पुटपुटला. "लवकर वढा."

"भिंतीकडनं जायाचं काय, आण्णा?" मागून कुणीतरी विचारलं.

"भिंतीकडनं कशाला? लांब पडतंय," आण्णा म्हणाले. त्यांनी छत्री जराशी वर केली. धुरकट पावसातून त्यांना अंगणाच्या मधोमध बसलेले अज्जा दिसले असावेत, तेवढेच. "ते बघा, अज्जा हायत तिथं. घोटाभर बी पाणी न्हाई. चला सरळ."

धोतराचा सोगा हातात धरून आण्णा अंगणात उतरले. मागे मंडळी, एकामागून एक. पाण्यात पावलांचा चुबुक चुबुक आवाज सरळ रेषेत येऊ लागला.

रावसूने अंगातला सगळा जोर लावला. कोपर कडेवर आलं. आता नुसता एक हिसका हवा होता.

अज्जांनी त्याचा हात सोडला.

तो परत छातीभर पाण्यात गेला. वर बघत राहिला.

"वर येऊ नकोस," अज्जा म्हणाले. "हुबा ऱ्हा तिथंच... त्यास्नी पाणी दिसू दे."