उखळातला हात

"म्हणजे यंदा मोचीच्या वड्या हा डबा करणार?"

काईजुनने डब्याकडे बोट दाखवलं. आवाज त्याने शांत ठेवला होता.

"डबा नव्हे, यंत्र," दोनेन गुरुजी म्हणाले. "मीच मागवलं. तानेबाईंनी शहरातून आणून दिलं."

शेजारच्या तानेबाई मठाच्या ओसरीवर बसून भिजलेले तांदूळ निथळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. गुरुशिष्यांच्या भांडणात आपण पडू नये, एवढं त्यांना कळत होतं. ऐकू नये, एवढं मात्र कळत नव्हतं.

जपानातल्या त्या डोंगराळ गावात मोचीशिवाय नवं वर्ष उजाडत नाही. चिकट तांदूळ रात्रभर भिजवायचा, वाफवायचा आणि उखळात घालून लाकडी मोगरीने कुटायचा. शितं मोडून सगळ्याचा एक लुसलुशीत गोळा झाला की त्याच्या लहान लहान वड्या थापायच्या. कुटायला माणसं दोन लागतात. एक मोगरी हाणतो. दुसरा दोन घावांच्या मध्ये ओला हात घालून गोळा पलटतो.

मठात मोगरी काईजुनची, हात गुरुजींचा.

मोगरीवर काईजुनचा भारी जीव. "मोगरी पडते तेव्हा मी उरतच नाही," असं तो आल्यागेल्याला सांगे. कुणी विचारलं नाही तरी सांगे.

"मग माझं इथे काय काम?" तो म्हणाला. "डोंगरापलीकडच्या मोठ्या मठात अजून मोगरी चालते. मला निरोप द्या, गुरुजी."

बोलून तर गेला, पण लगेच मनात आलं, म्हातारा खरंच 'जा' म्हणाला तर?

"जा," गुरुजी म्हणाले. "पण खाऊन जा. बाई, हा प्लग कुठे लावायचा?"

...

वाफवलेला तांदूळ यंत्राच्या भांड्यात पडला. बटण दाबलं तसं तळातलं पातं फिरू लागलं. भात आधी नुसताच गरगरला, मग शितं एकमेकांना धरू लागली, आणि थोड्या वेळाने त्याचा गोळा होऊन तो भांड्यात थपथप नाचायला लागला.

गुरुजी तोंडावर वाफ घेत वाकून बघत होते.

"बघ रे, कसा नाचतोय."

काईजुनने बघितलं नाही.

तानेबाईंनी हात ओला करून गोळा काढला, आपल्याकडे मोदकाच्या उकडीचे तोडतात तसे त्याचे लहान गोळे तोडले आणि भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात घोळवले. गुरुजींनी एक खाल्ला. मग आणखी एक.

"झकास झालंय."

आता मात्र काईजुनला राहवेना.

"एक घाणा उखळात होऊ द्या. मी कुटतो, तुम्ही पलटा. बाई दोन्हींची चव घेऊन सांगतील. यंत्राची सरस निघाली तर मी मुकाट भांडी घाशीन. मोगरीचं नाव काढणार नाही."

"आणि तुझी सरस निघाली तर?"

"यंत्र परत."

"बरं," गुरुजी म्हणाले आणि अस्तन्या सारल्या.

...

काईजुनने डोळे अर्धवट मिटले. मोगरी उचलली.

धप्. मग ओल्या हाताची चपक. धप्. चपक. धप्.

बऱ्याच वेळाने एका घावानंतर चपक आलीच नाही.

काईजुनने डोळे उघडले. मोगरी वर होती. गुरुजींचा हात उखळात, गोळ्यावर, निवांत पडून होता.

त्याने सगळं अंग पिळून मोगरी बाजूला ओढली. मोगरी अंगणात पडली आणि काईजुन पिठाच्या परातीत. तानेबाईंना हसू आवरेना. भुवयांपर्यंत पिठाने माखला होता बिचारा.

"हात का नाही काढलात?" तो ओरडला.

"तू का थांबलास?"

"हात दिसला म्हणून."

"आणि आजवर?"

काईजुन परातीतच बसून राहिला. बढाया मारायची त्याला सवय होती, पण खोटं बोलायची नव्हती.

"आजवर... नाही दिसला. मी तेव्हा उरलेलोच नसायचो."

"हं."

गुरुजींनी हात उखळाच्या काठावर ठेवला. तेव्हा काईजुनला त्यांची करंगळी दिसली. ती वाकडी होती.

"ही करंगळी..."

"गेल्या नव्या वर्षाची," तानेबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "फडकं मी बांधलं होतं. तू तेव्हा उरला नव्हतास ना रे."

काईजुनचे डोळे भरून आले. पिठावरून दोन ओघळ उतरले. आपण काय केलं हे त्याला कळलं, आणि वर्षभर कुणी त्याचा उच्चारही केला नाही हेही कळलं. ते दुसरं जास्त लागलं.

"तुम्ही बोलला का नाहीत, गुरुजी?"

"तुझी समाधी मोडली असती." गुरुजींच्या मिशीत हसू होतं. "मग म्हटलं, न बघता कुटणारंच हवं ना, तर विजेवरचं बरं. त्यात मला हात घालावा लागत नाही."

काईजुन उठला. त्याने मोगरी उचलली, धुतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"मला इथंच राहू द्या. भांडी घाशीन, पाणी भरीन. पण ही पुन्हा हातात धरणार नाही. उरलेलं मी यंत्रात घालतो..."

तो गोळा काढायला उखळाशी वाकला.

गुरुजींनी त्याला कोपराने हलकेच बाजूला केलं. हात पाण्यात बुडवला. मग तो सावकाश उखळात घातला आणि गोळ्यावर ठेवला, वाकड्या करंगळीसकट.

"गार होतंय," ते म्हणाले. "मार."