हिरवं बटण आणि भोंगा

फार पूर्वीची नव्हे, अलीकडचीच गोष्ट. गाव मात्र गोष्टीतलंच. तिथली माणसं उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं लावत. वरच्या धरणातून पाणी सुटून नदीतल्या खांबावरच्या तांबड्या खुणेला लागलं की काठावरच्या चौकीतला भोंगा वाजे आणि सगळे पळत वर येत. भोंगा वाजवायचं काम एका प्रोग्रामकडे होतं आणि प्रोग्राम सांभाळायचं काम एका म्हाताऱ्याकडे.

म्हाताऱ्याच्या हाताखाली एक मुलगी आली. हुशार, पण नवशिकी. तिची आई त्याच वाळूत राबायची.

म्हातारा म्हणाला, "प्रोग्राम लिहायला हा साधा एडिटर घे. सगळं हाताने करावं लागेल, पण काय कुठे चालतंय ते कळेल."

मुलीने नाक मुरडलं. "काका, राजधानीतले प्रोग्रामर तो दुसरा, मोठा एडिटर वापरतात. हिरवं बटण दाबलं की प्रोग्राम चालू, झालं!"

म्हाताऱ्याने हट्ट धरला नाही. धरायला हवा होता. मुलीने मोठा एडिटर घेतला आणि त्याचे रंग बदलण्यात दिवस घालवले.

एके दुपारी म्हातारा बाजारात गेला असताना धरणावरून फोन आला. "तुमच्याकडचा काठ खचलाय, माणसांना वर चढायला वेळ लागेल. भोंगा तांबड्या खुणेवर नको, खालच्या पिवळ्या खुणेवरच वाजू दे. पाणी सोडतोय."

मुलीने प्रोग्राममधला खुणेचा आकडा बदलला, हिरवं बटण दाबलं. पडद्यावर 'बरोबर' अशी खूण उमटली. ती निर्धास्त झाली.

थोड्या वेळाने तिने खिडकीतून पाहिलं. पाणी पिवळ्या खुणेला लागलं होतं, आणि भोंगा गप्प. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा 'बरोबर'. पाणी खुणेच्या वर चढलं. खाली वाळूत आई पाठमोरी वाकून वेल सारखे करत होती.

तेवढ्यात म्हातारा धापा टाकत आत आला. पडदा पाहून ओरडला, "अगं, ही तर नक्कल! तुझा एडिटर स्वतःपुरती काढतो ती. बटणाने हीच चालते. भोंग्याचा खरा प्रोग्राम जुनाच आहे!"

"मग खरा कुठे आहे?"

"आता वेळ नाही! गच्चीवर हाताने फिरवायचा भोंगा आहे, पळ!"

ती धावली. दांडा फिरवता फिरवता तळहात सोलवटले. माणसं पळाली. आई सगळ्यांत लांब होती. तिला दोघांनी कमरेइतक्या पाण्यातून ओढून काढलं. कलिंगडं सगळी वाहून गेली.

काठावर आई थरथरत बसली होती. "आज भोंग्याला एवढा उशीर का गं झाला?"

"माझ्यामुळे, आई," मुलगी म्हणाली आणि रडली.

म्हातारा म्हणाला, "घरी जा पोरी, आज राहू दे."

"नको, काका. आधी खरा प्रोग्राम दाखवा. उद्याही पाणी सुटणार आहे आणि उद्याही माणसं नवे वेल लावायला वाळूत उतरणार आहेत."

तात्पर्य एवढंच: नवशिक्याने आधी असं साधन धरावं, ज्यात आपण काय करतोय ते आपल्याला दिसतं, सोयी नंतरही मिळतात.