मागून आणलेलं पातेलं

एकदा एका माळरानावरच्या लहानशा चर्चमध्ये एक वृद्ध पाळक राहत असत. लोक त्यांना पाळकबाबा म्हणत. त्यांच्या हाताखाली योनाथान नावाचा शिष्य धर्मशिक्षण घेत होता. मनाने निर्मळ, पण भारी उतावळा.

त्या वर्षी पिकं करपली, तेव्हा चर्चने आसपासच्या वस्त्यांवर बाजरी आणि गूळ द्यायला सुरुवात केली. टेकडीखालच्या वाडीने मात्र दारं लावून घेतली. जग म्हणतं, फुकट ते पौष्टिक. ही वाडी फुकटच्या वस्तूकडे विंचवाकडे बघावं तसं बघायची. तिथे सगुणाबाईची सून ओली बाळंतीण होती. पोटात अन्न नाही, त्यामुळे अंगावर दूध नाही, आणि बाळाचं रडणं दिवसेंदिवस क्षीण होत चाललेलं. योनाथान स्वतः पोतं खांद्यावर घेऊन गेला आणि ते त्याने तिच्या दारात ठेवलं. सगुणाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"फुकट कुनी मातीबी देत न्हाई. आज बाजरी देताल, उद्या काय मागताल?"

"काही मागणार नाही, मावशी."

"न्हाई म्हननारंच लई मागत्यात. उचल पोतं!"

योनाथान संतापून परतला. "नातवंड जाईल, पण या बाईचा ताठा जायचा नाही," असं तो पाळकबाबांना म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन ते त्याच दारात गेले, तेही रिकाम्या हातांनी.

"सगुणाबाई, तुझं मोठं पातेलं देतेस का? आमटी करायची आहे."

तिने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "चर्चमधी भांडी न्हाईत व्हय?"

"आहेत. तरी तुझं हवंय."

दारी आलेल्याला भांडं नाकारायची तिथे रीत नव्हती. तिने पातेलं आणून दिलं. तांब्याचं होतं, घरात तेवढीच एक चीज उरलेली. "बघा, मागायला लागले!" शेजारच्या कुडाआडून कोणीतरी कुजबुजलं. योनाथान तर मान वर करेना. म्हातारपणी बाबांना तांब्याचा मोह पडला की काय, ही शंका त्याच्या मनातून जाईना. बाबांनी खरोखरच त्या पातेल्यात आमटी केली, पण शिष्याला घास गोड लागला नाही.

सकाळी बाबांनी पातेलं चिंचेने लख्ख घासलं. त्यात बाजरीचं पीठ, गूळ आणि तुपाची वाटी ठेवली, आणि झाकण घालून ते परत द्यायला निघाले. सगुणाबाईने झाकण उचललं आणि तिचे डोळे बारीक झाले.

"ह्ये काय?"

"मागून आणलेलं भांडं तुमच्या वाडीत रिकामं परत देतात का?"

देत नसत. भरून आलेलं भांडं कोणी परतही पाठवत नसे. सगुणाबाई बराच वेळ यात कुठे फास आहे का ते शोधत राहिली. आतून बाळ कण्हलं, तशी ती पातेलं उचलून आत गेली.

वाटेत योनाथानला राहवेना. "बाबा, धान्य तेच, दार तेच. मग माझ्या हातचं तिला विष का वाटलं?"

"तिचा संशय खोटा नव्हता, बाळा," पाळकबाबा म्हणाले. "देणारा पुढे काहीतरी मागतोच. पोतं खाली ठेवल्यावर तू तिथे उभा राहिलास ना? कशासाठी थांबला होतास? चार गोड शब्दांसाठी. ते मागणं तिला दिसलं, तुला दिसलं नाही. गरिबाला सर्वांत धास्ती असते ती न सांगितलेल्या मागण्याची. म्हणून मी माझं मागणं आधीच मागून घेतलं. तिने दिलं, मी परत केलं. आता तिने माझ्याकडे मान वाकवून बघायचं कारण उरलं नाही."

योनाथान शरमला. त्या गोड शब्दांची वाट तो खरोखरच पाहत होता.

काही दिवसांनी तो वाडीवरून चालला असता सगुणाबाईने हाक मारली. तिची नजर अजून बारीकच होती.

"पोरा, पल्याडच्या घरी तीन लेकरं हायेत. त्या बाईकडं परात हाय. चर्चला लागती का?"

चर्चमध्ये पराती पडून होत्या.

"लागते, मावशी," योनाथान म्हणाला. "आत्ताच मागायला जातो."