आधी डिंक, मग चोच

एका जंगलात, जांभळाच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. राहत असे म्हणायचं आपलं. खरं म्हणजे त्या दिवसांत ती भिंतीच्या भोकाला पाठ लावून बसत असे. का, ते सांगते. ऐका, आणि मध्ये बोलू नका, कारण ही गोष्ट सांगताना माझं डोकं आधीच तापलेलं असतं.

ढोलीच्या मागच्या भिंतीला एक बारीकशी चीर पडली होती. तिच्यातून वारा यायचा. ढोलीत चार अंडी होती. त्यांना गारठा लागू नये म्हणून साळुंकीने सुतारपक्ष्याला बोलावलं. बोलावल्याबरोबर आला, यात नवल नाही. पहिल्या दिवशी हे लोक नेहमीच वेळेवर येतात. त्याने भिंतीवर टकटक केलं, कान लावला, मान हलवली आणि विचारलं, "हे आधीचं काम कोणी केलंय? अगदीच अडाणी." आता ती ढोली कोणी केलेली नव्हती, झाडाला आपोआप पडलेली होती. पण साळुंकी भिडेपोटी गप्प बसली. मग चीर आधी मोकळी करावी लागते म्हणत त्याने चोच चालवली आणि बघता बघता कावळ्याचं डोकं सहज आत येईल एवढं भगदाड पाडलं. भुशाचा ढीग तिथेच टाकला. "बुजवायला डिंक लागेल वहिनी, घेऊन आलोच," म्हणाला आणि उडाला तो उडालाच.

डिंक होता कुठे? ओढ्यापलीकडच्या बाभळीवर. जांभळावरून ती बाभूळ दिसायची, इतकी जवळ.

आता साळुंकीची काय गत झाली बघा. समोरच्या फांदीवर एक कावळा येऊन बसला आणि अगदी आपुलकीने चौकशी करू लागला, काम काढलंय वाटतं? त्याचा डोळा अंड्यांवर होता. भगदाडाला पाठ लावून बसावं तर अंडी गार पडतात, अंड्यांवर बसावं तर कावळा डोकं आत घालतो. बिचारी थोडा वेळ इथे, थोडा वेळ तिथे करत राहिली. नवरा दोघांपुरतं खाणं शोधत फिरायचा. वाटेत सुतारपक्षी भेटला की त्याच्याकडून एकच निरोप आणायचा, निघालोच आहे म्हणून. त्याला चार शब्द सुनावलेत की नाही, असं साळुंकीने विचारलं की नवरा म्हणायचा, "जाऊ दे गं, कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा? चिडून काम बिघडवलं तर?" आणखी काय बिघडायचं राहिलं होतं, देव जाणे.

साळुंकीने मातीचं काम करणाऱ्या कुंभारमाशीला विचारून बघितलं. तिने लांबूनच नाक मुरडलं आणि दुसऱ्याने उघडलेल्या कामाला आपण हात लावत नाही असं सांगून ती निघून गेली. शेवटी नवऱ्याला भगदाडाला पाठ लावून बसवलं आणि शेजारच्या आंब्यावरच्या खारीकडे ती रडगाणं गायला गेली, तर तिचीही भिंत फोडून ठेवलेली. पलीकडच्या पोपटाचीही तीच तऱ्हा. तेव्हा कुठे साळुंकीच्या डोक्यात प्रकाश पडला. एकदा घर उघडलं की गिऱ्हाईक जातंय कुठे? म्हणून हा पठ्ठ्या रोज नवं घर उघडत हिंडत होता आणि बुजवत एकही नव्हता.

घरी येऊन तिने अंड्यांना गाल लावून बघितलं. तीन कोमट होती. चौथं गार लागलं. साळुंकीला रडू आलं, आणि रडून झाल्यावर तिला जो राग आला तो भिडेबिडेच्या पलीकडचा होता.

साळुंकीला नकला छान येतात, हे तुम्हाला माहीत असेल. तिने खारीला मागच्या बाजूच्या फांदीवर दबा धरून बसवलं आणि धनेश पक्ष्याच्या भारदस्त आवाजात आरोळी दिली, की नवी ढोली काढायची आहे, जांभळाच्या मागे या. इतके दिवस निघालेला सुतारपक्षी आरोळी विरायच्या आत हजर. नव्या कामाला यांना पंख फुटतात. त्याने भगदाड बघितलं, पंखांपर्यंत आत शिरला, मान हलवली आणि सवयीने म्हणाला, "हे कोणी फोडून ठेवलंय? अगदीच अडाणी काम."

"तुम्हीच," साळुंकी म्हणाली.

सुतारपक्षी मागे सरकायला गेला, तर बाहेरून खारीने त्याची शेपटी घट्ट धरलेली. आत डोकं, बाहेर शेपटी आणि मधे भगदाड गच्च भरलेलं. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "वहिनी, डिंक आणायला निघालोच होतो."

"आता कुठे निघू नका. तुम्ही आहात तोवर भोक बुजलेलं आहे," असं म्हणून साळुंकी शांतपणे अंड्यांवर जाऊन बसली. बाहेर कावळ्याने हे नवीन काय आहे म्हणून सुतारपक्ष्याच्या पाठीवर दोनदा चोच मारून बघितली. लगेच सुतारपक्ष्याला बाभूळ आठवली, डिंक आठवला, तो कोणत्या फांदीवर आहे हेसुद्धा आठवलं. साळुंकीने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. तो वाईटपणाचं काही न बोलता गेला आणि हां हां म्हणता डिंक घेऊन आला. खारीने शेपटी सोडली, पण ती तिथून हलली नाही. सुतारपक्ष्याने डिंकात भुसा कालवून भगदाड लिंपलं, आणि दुपारच्या आत काम झालंसुद्धा. एवढंसं तर काम होतं.

पुढे तीन अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. चौथं अंडं साळुंकीने बरेच दिवस पोटाखाली धरून ठेवलं, पण त्यातून काही आलं नाही. हल्ली सुतारपक्षी कुणाच्याही दारी गेला की घरातून आधी विचारतात, डिंक आणलाय का? आणलेला असतो. हे विचारायला जंगल शिकलं, पण साळुंकीचं एक अंडं गेल्यावर.

तात्पर्य : बुजवायचं सामान दारात आल्याशिवाय भिंतीला चोच लावू देऊ नये, आणि घर आपलं असताना भीड धरू नये. हे घरातल्या मोठ्या माणसांना जरा मोठ्याने वाचून दाखवा.