एका वहाणेचा कडा

तीन दिवस हेमांगीला नीट झोप नव्हती. कारण होतं शाल्मलीने पोळीचा घास चावता चावता विचारलेला एक प्रश्न.

"आई, जो पहिल्यांदा उडाला ना, तो आईला सांगून गेला होता का?"

शाल्मली सात वर्षांची. शाळेने सुट्टीत 'माणूस उडायला कसा शिकला' असा तक्ता करून आणायला सांगितला होता, आणि असे तक्ते मुलं करत नाहीत, हे शाळेलाही ठाऊक असतं. हेमांगीने चित्रं कापली, चिकटवली. मेंढी, बदक आणि कोंबडा यांना घेऊन वर गेलेला गरम हवेचा फुगा. सायकलींचं दुकान चालवणारे दोन भाऊ आणि त्यांचं बारा सेकंदांचं उड्डाण. पुढे समुद्र ओलांडणारी विमानं, आणि शेवटी चंद्र. शोधाशोध करताना तिला दुसरीही माणसं सापडली होती. पंख बांधून मनोऱ्यांवरून, कड्यांवरून उड्या घेतलेली. ती तिने तक्त्यात घेतली नाहीत. तिच्या तक्त्यात कोणी पडतच नव्हतं.

शाल्मलीने तक्ता बराच वेळ पाहिला. "सगळेच उडाले?"

"हो."

त्यानंतर तो प्रश्न आला. तेव्हापासून हेमांगीने गॅलरीच्या दाराला वरची कडी घातली होती आणि घरातल्या दोन्ही छत्र्या माळ्यावर टाकल्या होत्या. ऐन वैशाखात छत्र्या लपवणारी आई आपण एकटीच असू, हे तिला कळत होतं. कळलं म्हणून छत्र्या काही खाली आल्या नाहीत.

आणि आता रविवारी सकाळी ती निवेखोऱ्यातल्या वहाणकड्याच्या पायथ्याशी उभी होती. मंदारची कल्पना. या कड्यावरून खाली टाकलेली वस्तू वाऱ्याने पुन्हा वर येते, पोरीला तिचं कागदी विमान सोडू दे, एकदाची हौस फिटेल, असं त्याचं म्हणणं. हौस फिटते की वाढते, या मुद्द्यावर नवराबायकोचं वाटेत तीन वेळा वाजलं होतं.

पायथ्याला एक जुना उंबर आहे. त्याच्या बुंध्याभोवती चपलांची रांग होती, पण जोड एकही नाही. डाव्या पायातली सँडल, रबरी स्लीपर, धुळीने माखलेला बूट, एका लहान मुलाचा गुलाबी क्रॉक. सगळं एकेकच. रांगेच्या टोकाला सुंदराबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, बुरुडाच्या घरातल्या. मांडीवर अर्धं विणलेलं सूप, बाजूला ताकाचा माठ.

"एक पायताण हितं काढायचं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आन् तुमच्यात ज्याला जास्त भ्या वाटतं, त्यानं ते धरून खाली बसायचं. बाकीच्यांनी वर जायचं."

मंदारने हेमांगीकडे पाहिलं. शाल्मलीनेही पाहिलं. ते तिला लागलं.

"आणि वर कठडा आहे का?" तिने विचारलं.

"हाय की. कमरंएवढा."

"कोणाच्या कमरेएवढा?"

सुंदराबाईंनी आता मान वर केली. या बाईचा जीव ताकावर भागणारा नाही, हे त्यांनी ओळखलं असावं. हेमांगीनेही मनात एक नोंद केली होती: एक चप्पल खाली राहिली म्हणजे गिऱ्हाईक परत याच वाटेने येणार, आणि धरून बसलेल्याला तासाभरात तहान लागणार. प्रथा कोणी पाडली असेल, हे सांगायला इतिहास संशोधक लागत नाही.

"आधी हे कशासाठी ते सांगा, मावशी," ती म्हणाली. "मग बघते."

"बसा मंग," सुंदराबाई म्हणाल्या, आणि बांबूची कामटी विणता विणता सांगू लागल्या.

असे सांगतात की फार पूर्वी या खोऱ्यात बुरुडांची अकरा घरं होती. सूप, टोपली, कणगी सगळं इथून घाटावर जायचं. त्यांत चिमाई नावाची एक विधवा होती आणि भिवा हा तिचा एकुलता मुलगा. एकदा उन्हाळ्यात कड्यावर बांबू तोडताना भिवाच्या हातून एक सूप निसटलं. गेलं म्हणून त्याने हळहळ केली, तर ते तळाकडून गिरक्या घेत वर आलं आणि त्याच्या पायाशी पडलं. त्याने पुन्हा टाकलं. पुन्हा आलं. त्या दिवसापासून भिवा जमिनीवर चालायचा तेवढाच, मन त्याचं वर असायचं.

आईला त्याने काही सांगितलं नाही.

इथे शाल्मली पुढे सरकून बसली. हेमांगी मात्र ताठ झाली. ही म्हातारी आपलं तोंड बघून गोष्ट विणते आहे की काय, अशी शंका तिला आली.

पण चिमाई संशयी होती म्हणे. घरातलं मधाच्या पोळ्याचं मेण संपलं, तेव्हा तिने विचारलं. भिवा म्हणाला, धाग्याला लावलं. एक धोतर नाहीसं झालं, तेव्हा म्हणाला, नदीला गेलं. मग एका दुपारी त्यांचा कोंबडा घराच्या आढ्यावर बसून वेळी-अवेळी आरवू लागला, पाय थरथरताहेत, खाली उतरायला तयार नाही. चिमाईने कोंबड्याकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. चौथ्या दिवशी शेळी नाहीशी झाली.

"वाघानं नेली," भिवा म्हणाला.

चिमाई गोठ्यात गेली. रक्ताचा थेंब नाही. कुत्रं रात्रभर भुंकलं नव्हतं. आणि दावं कोयत्याने सरळ कापलेलं होतं. कोयता वापरणारा वाघ या खोऱ्यात तोवर कोणी पाहिला नव्हता.

"शेळीचं काय झालं?" शाल्मलीने विचारलं.

हेमांगी घाईने म्हणाली, "शालू, मध्ये बोलू नये."

"पडली," सुंदराबाई म्हणाल्या. "पंख बांधून दोघांनाबी कड्यावरनं सोडलं हुतं. कोंबडा तरला, शेळी पडली. मेली."

शाल्मलीने आईकडे असं पाहिलं, की हेमांगीला आपल्या तक्त्यातली मेंढी आठवली. ती जिवंत उतरली होती, हे खरं होतं. पण तेवढंच सांगितलं होतं, हेही खरं होतं.

चिमाई कड्यावर गेली तेव्हा भिवा पंखांची दोरी आवळत होता म्हणे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर मेण चोपडलेलं धोतर, वर सुपाला सारवतात तसं घट्ट सारवलेलं. शेळीने घोटाळा केला, तडफडली, म्हणून पडली, असं त्याचं मत होतं. उद्या तो स्वतः जाणार होता. अडवायचं तरी किती? दावं लावलं तर हा दावं कापणार, हे तिने गोठ्यात पाहिलंच होतं.

ती एवढंच म्हणाली, असे सांगतात, "तू सुपं वळलीस रं, पाखडलीस कवा?"

खरंच होतं ते. बुरुडाच्या हातात सूप असतं ते रिकामं. रिकामं सूप वाऱ्यावर परत येतं, याचं भिवाला कौतुक. भरलेलं सूप बायकांच्या हातात. वारा फोलपट नेतो आणि दाणा खाली टाकतो, हे त्यांना शिकवावं लागत नाही. आणि त्याचे पंख भरलेले असणार होते, त्याच्याच वजनाने.

मग तिने अट घातली. एक अख्खा हंगाम खळ्यावर उभं राहून धान्य उपणायचं, पुढचा वैशाख आला की जा. मी अडवणार नाही. भिवा चिडला, पण ऐकलं. गावचे पुरुष हसले. "काय भिवाबाई, हळदीकुंकवाला येता का?" असं विचारू लागले. चिमाई त्याच्या मागे उभी राहून टोकायची. वारा पडला की हात थांबव. झुळकेवर भरवसा ठेवू नको, ती फसवते. सूप ताठ धरू नको, कलतं धर. हळूहळू त्याच्या मनगटाला ते कळू लागलं, आणि सुगी संपल्यावर त्याने आपणहून पंख मोडले आणि पातळ, लवचीक कामट्यांचे नवे केले.

वैशाख आला. अख्खं गाव कड्यावर जमलं. चिमाई मात्र गेली नाही. काहींच्या मते तिने देवीला नवस बोलला. पण सुंदराबाईंच्या घरात सांगतात ते निराळं. तिचा देवीवरही पुरता भरवसा नव्हता. तो निघताना तिने त्याची एक वहाण काढून घेतली आणि या उंबराखाली येऊन बसली. एका वहाणेवर कोणी परमुलखाला जात नाही, एवढा तिचा हिशेब.

"मग?" हा प्रश्न शाल्मलीचा नव्हता, हेमांगीचा होता.

"मंग काय, वाऱ्यावर कलता झाला आन् गेला. नदी वलांडून. गावानं बघितलं, असं म्हणतात."

"आणि?"

"तीन दिवस आला न्हाई."

सुंदराबाईंनी सुपाची कड दातांनी आवळली. तेवढ्या वेळात हेमांगीने गोष्टीचा शेवट स्वतःच करून टाकला होता. तो पडला. नदीपलीकडे कुठेतरी पडला, आणि गावाने आपल्या हसण्याची लाज वाटून त्याला आभाळात पाठवलं. गावं असंच करतात. आयाही करतात. पडलेल्यांना कापून ठेवतात आणि उरलेला तक्ता भिंतीवर लावतात.

तिसऱ्या दिवशी दिवस कलताना तो आला म्हणे. पाय मोडलेला, बांबूला टेकत, एक पाऊल अनवाणी. चिमाई तिथेच बसून होती, वहाण हातात. तिसऱ्या दिवशी ती शिवली होती तिने, तुटलेली नसताना. भिवा समोर उभा राहिला. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्याच वहाणेने पाठीत एक असा ठेवून दिला, की आवाज पल्याडच्या वाडीत गेला. मग खाली बसून तीच वहाण त्याच्या पायात चढवली.

गोष्ट संपली. मंदार हसला. हेमांगी हसली नाही.

"मावशी, खरं सांगा. तो खरंच उडाला होता?"

सुंदराबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "मला काय ठावं, लेकी? उडाल्याला 'म्हणे' हाय. पर मारल्याला 'म्हणे' न्हाई. ते खरंच हाय. उडाल्याची गोष्ट कुनीबी रचंल. आयनं वहाण हाणली, हे कोन रचनार?"

हेमांगीला शिक्षणाने शंका घ्यायला शिकवलं होतं, आणि समोरच्या बाईने पुरावा मांडला होता. वैशाखातला वारा उंबराच्या पानांतून वर निघाला होता. तिने तो तपासला, म्हणजे नुसता गाल पुढे केला. एकसारखा वाटला. पण झुळूक फसवते, हे आता तिला ठाऊक झालं होतं.

"शालू," ती अखेर म्हणाली. "तक्त्यात काही माणसं मी लावली नाहीत. ती पडली होती."

"मला माहितेय," शाल्मली म्हणाली. "कचऱ्याच्या डब्यात कात्रणांखाली एक माणूस होता. पंखवाला."

म्हणजे तीन दिवस दोघीही एकमेकींवर पाळत ठेवून होत्या. हेमांगीने मुलीच्या डाव्या पायातली सँडल काढली. वेल्क्रो नीट निघेना.

"घरी गेल्यावर त्या पंखवाल्याला तक्त्यात लावू," ती म्हणाली. "बाबाचा हात सोडायचा नाही. कठड्याला टेकायचं नाही. वारा पडला तर विमान सोडायचं नाही."

"माहितेय गं."

दोघं चढू लागली. एक पाय खटखट, एक पाय गप्प. वळणापाशी शाल्मली दिसेनाशी झाली. हेमांगी उंबराखाली बसली, मांडीवर ती एवढीशी सँडल घेऊन. सुंदराबाईंनी न विचारता ताकाचा पेला पुढे केला. तिनेही तो घेतला. तहानेबद्दलची आपली मघाची नोंद खरी ठरली होती, आणि ताक चांगलं होतं.

बऱ्याच वेळाने कड्यावरून काहीतरी पांढरं सुटलं. खाली आलं, खूप खाली, आणि मग जसं कोणी हाक मारावी तसं थांबलं, कललं आणि वर चढू लागलं. हेमांगी मोजत होती. तक्ता करताना बारा सेकंद म्हणजे काय मोठं, असं तिला वाटलं होतं. सातव्या सेकंदाला तिच्या लक्षात आलं की आपण श्वास घेतलेला नाही.

आजही निवेखोऱ्यातलं कोणी खोरं सोडून परगावी निघालं, शिकायला, नोकरीला किंवा नांदायला, तर एक पायताण या उंबराखाली ठेवतं आणि गावाच्या वेशीपर्यंत तसंच चालतं. वेशीवर घरचं माणूस ते आणून देतं. परत आल्यावर आधी पाठीत एक वहाण बसते, मग पाणी मिळतं. सुंदराबाई वर जाणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतात की फटका जेवढा जोराचा, तेवढी भिऊन वाट पाहिलेली. मुंबईहून वर्षा-दोन वर्षांनी येणारे लोक त्यासाठी पाठ पुढे करून उभे राहतात.

वळणावर आधी आवाज आला, खटखट आणि गप्प, खटखट आणि गप्प. शाल्मली धावत खाली आली. चेहरा लालबुंद, केस वाऱ्याने उभे राहिलेले, हातात चुरगळलेलं विमान. ती आईसमोर आली, पाठ वळवली आणि वाकून उभी राहिली.

हेमांगीने सँडल उचलली. चांगली खांद्यापर्यंत नेली. पाठीवर ती टेकली, नुसती टेकली, आणि तिथेच राहिली.

शाल्मलीने वाकूनच मान वळवून आईकडे संशयाने पाहिलं.

"एवढ्या हळू? म्हणजे तू घाबरलीच नव्हतीस?"