सटवाजीचं डावं चाक

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा घाटांना कठडे नव्हते आणि माल बैलगाड्यांतून जायचा.

एका राज्यात पठारावरचा गूळ घाट उतरून बंदराला नेत असत. गाड्यांचा तांडा एकामागून एक निघायचा आणि घाटमाथ्यावरच्या पिंपळाखाली थांबायचा. तिथे तांड्याची एक रीत होती. आपली गाडी आपण तपासायची नाही, पुढच्याची तपासायची. सगळ्यात पुढे असायची तांड्याच्या म्होरक्याची, म्हणजे नाइकाची गाडी; सगळ्यात शेवटची गाडी तो येऊन बघायचा. तपासणारा सांगेल ते निमूट करायचं, मग समोर खुद्द नाईक का असेना. गाडीवान बसतो पुढे आणि चाकं फिरतात त्याच्या पाठीमागे. बैलांच्या घुंगरांत त्याला चाकाची कुरकुरही ऐकू येत नाही. मागून येणाऱ्याला मात्र सगळं दिसतं.

ही रीत सटवाजीच्या डोक्यात जायची. गाडी हाकण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. चांद्या आणि हरण्या हे त्याचे दोन बैल, ते त्यानं पोटच्या पोरांसारखे जपले होते. पण माणूस भारी संशयी. कुणी रामराम घातला तरी याच्या मनात यायचं, ‘ह्याला काय हवंय आता?’

त्याच्या मागे हैबतीची गाडी असायची. एकदा सटवाजीच्या गाडीतली गुळाची ढेप कोपऱ्याला कुरतडलेली निघाली. तिच्यावर उंदराचे दात चांगले उमटले होते, पण सटवाजीला ते बघायचेच नव्हते. ‘दर खेपेला माझ्या गाडीखाली वाकून हा हैबती करतो तरी काय?’ एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

त्या दिवसापासून त्यानं हैबतीवर पाळत ठेवली. हैबती हसला की याला वाटे, लपवतोय. हैबती गप्प बसला की वाटे, बेत करतोय. एका खेपेला हैबती म्हणाला, “सटवाजी, तुझ्या डाव्या चाकाची खीळ झिजलीय गड्या. लोहाराकडून नवी करून घे.” ही खीळ म्हणजे चाक कण्यावरून निसटू नये म्हणून टोकाला ठोकलेला लोखंडी तुकडा.

‘मी लोहाराकडे जायचं आणि माझी गाडी ह्याच्या ताब्यात! वा रे शहाण्या!’ सटवाजी मनात म्हणाला, आणि लोहाराकडे काही गेला नाही.

पुढच्या खेपेला तांडा पिंपळाखाली थांबला. हैबती आला तो कमरेला काहीतरी खोचून. धोतराच्या गाठीत ते चांगलं फुगलेलं दिसत होतं. सटवाजीला वाटलं, हाच तो माझा गूळ! हैबती चाकाशी वाकला आणि त्यानं कमरेकडे हात नेला, तोच सटवाजीनं आसूड उगारला.

“खबरदार माझ्या गाडीला हात लावशील तर! माझी गाडी मी बघतो.”

“अरे, पण माझं ऐकून तर घे...”

“काही ऐकायचं नाही. मागे हो!”

आरडाओरडा ऐकून म्हातारा नाईक आला. “सटवाजी, रीत आहे बाबा. तो सांगतो ते कर.”

“गाडी तपासल्याशी कारण ना? मग मी तपासतो!”

खाली बंदरात गलबत भरतीची वाट बघत उभं होतं. नाइकालाही घाई होती. “बरं, तूच बघ. पण लवकर,” तो म्हणाला आणि निघून गेला.

सटवाजीनं गाडी तपासली खरी. त्यानं ढेपा चाचपल्या, दोरांच्या गाठी आवळल्या, वरच्या ताडपत्रीची टोकं पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. चाकाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. चोर काही खीळ चोरून नेत नाही ना!

घाट सुरू झाला. सटवाजीची नजर पुढच्या वाटेवर कमी आणि मागच्या हैबतीवर जास्त. अर्ध्या उतारावर हैबती जिवाच्या आकांतानं ओरडला, “सटवाजी, थांब! चाक डुगडुगतंय!”

‘वळणावर मला खाली उतरवायला बघतोय,’ सटवाजीनं ताडलं, आणि त्यानं बैलांवर आसूड ओढला.

पुढच्याच वळणावर डावं चाक निसटलं आणि एकटंच दरीत उड्या मारत गेलं. गाडी दरीच्या बाजूला कलंडली. सटवाजीनं कशीबशी उजवीकडे उडी टाकली. जू बैलांना ओढू लागलं. हैबती आपली गाडी सोडून धावत आला, त्यानं कोयत्यानं हरण्याच्या गळ्याचा पट्टा कापला आणि त्याला बाहेर ओढलं. चांद्याकडे वळेपर्यंत गाडी गेली. गूळ गेला आणि चांद्याही गेला.

सटवाजी वाटेच्या कडेला बसून धाय मोकलून रडला. हैबती त्याच्याशेजारी धापा टाकत उभा होता. या धांदलीत त्याच्या धोतराची गाठ सुटली आणि काहीतरी खणकन दगडावर पडलं.

ती लोखंडाची खीळ होती, नवीकोरी.

“तू जात नव्हतास, म्हणून मीच लोहाराकडून करून आणली होती,” हैबती म्हणाला. “बसवतच होतो रे.”

पुढून नाईक आला, त्यानं ती खीळ हातात घेतली आणि तो सटवाजीला म्हणाला, “तुझ्याबरोबर मीही चुकलो. घाईपायी मी रीत मोडू दिली.”

पुढच्या हंगामात सटवाजी एक नवा बैल हरण्याच्या जोडीला घेऊन परत तांड्यात आला. पिंपळाखाली गाडी थांबताच तो खाली उतरला, बाजूला उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, “हैबती, बघ रे बाबा माझं चाक.” हैबती वाकला. सटवाजीनं मान फिरवली आणि तो दरीकडे बघत राहिला, जिथे त्याचा चांद्या गेला होता.

तात्पर्य : आपली चूक वेळेवर दाखवणाऱ्यावर जो संशय घेतो, तो आपल्याच जिवलगांचा घात करतो.